सुपारीचा कोळे रोग : पेशीतील कारण व फवारणीची वेळ

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चौल-रेवदंड्यापासून मुरूड, दिवेआगर व श्रीवर्धनपर्यंत पोफळीच्या वाड्या आहेत. पाऊस स्थिरावून दोन-तीन आठवडे झाले की यांतील अनेक वाड्यांत झाडाखाली हिरव्या, कोवळ्या सुपाऱ्यांचा सडा पडू लागतो. अशी सुपारी उचलून पाहिल्यास टोपीच्या बाजूला पाणी मुरल्यासारखा काळपट हिरवा डाग आढळतो. ती ओलीत तशीच पडून राहिली तर तिच्यावर पांढऱ्या कापसासारखा थर चढतो. हाच कोळे रोग होय. पुष्कळ बागाईतदार ही गळ अतिवृष्टीची किंवा वाऱ्याची समजतात व ती वाढली म्हणजे औषधासाठी धावपळ करतात. त्या वेळी केलेला खर्च बहुतेक वाया जातो. तो का वाया जातो, हे समजण्यासाठी सुपारीच्या पेशीत काय घडते ते पाहिले पाहिजे.

'कोळे' हा शब्द मूळचा कानडी असून त्याचा अर्थ कुजणे असा आहे. मलनाडातील बागांत हा रोग फार पूर्वीपासून माहीत होता. तथापि त्याचे कारण म्हैसूर संस्थानच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पष्ट केले. फायटॉप्थोरा वर्गातील एका सूक्ष्म जीवामुळे हा रोग होतो, असे त्यांनी दाखविले. या वर्गाला हे नाव जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७६ मध्ये दिले. 'वनस्पतींचा संहारक' असा त्याचा अर्थ आहे. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचे पीक नासून जो भीषण दुष्काळ पडला, त्याला कारण झालेला जीव याच वर्गातला.

व्यवहारात या जीवाला बुरशी म्हणतात. परंतु खऱ्या बुरशीशी त्याचे नाते दूरचे आहे. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचे द्रव्य असते. फायटॉप्थोराच्या भित्तिका मुख्यत्वे ग्लुकन व सेल्युलोज या द्रव्यांच्या बनलेल्या असतात. सेल्युलोज हे तर वनस्पतींच्या भित्तिकेतलेच द्रव्य. त्याचे जवळचे नातेवाईक शोधायचे झाल्यास ते जंगलातील छत्र्यांत सापडत नाहीत. ओहोटीच्या वेळी खडकांवर दिसणाऱ्या तपकिरी समुद्रशैवालात सापडतात. पाण्याशी असलेला हा संबंध या जीवाने अद्याप सोडलेला नाही, आणि रोगाची सारी गुरुकिल्ली येथेच आहे.

रोगट फळावर लिंबाच्या आकाराच्या अतिसूक्ष्म पिशव्या तयार होतात. पावसाच्या तुषारांबरोबर व वाऱ्याबरोबर त्या एका घडावरून दुसऱ्या घडावर जातात. फळावर पाण्याचा पातळ थर असला म्हणजे पिशवी फुटून तिच्यातून अनेक चलबीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकास दोन शेपट्या असून त्यांच्या साहाय्याने तो पाण्यात पोहत जातो. या अवस्थेत त्याच्याभोवती भित्तिका नसते. केवळ एक नाजूक पटल असते. योग्य जागा मिळताच तो शेपट्या टाकून देतो, भोवती भित्तिका तयार करतो व त्यातून निघालेला कोंब फळाच्या सालीत घुसतो. हे सर्व काही तासांत उरकते.

आत शिरल्यावर त्याचे काम मुख्यतः रासायनिक असते. शेजारशेजारच्या पेशींना सांधून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य विरघळविणारी विकरे तो सोडतो. सांधा सुटला की पेशी मोकळ्या होतात, त्यांतील रस बाहेर झिरपतो व पाणी मुरल्यासारखा डाग दिसू लागतो. देठाशी असलेली फळाची पकडही अशीच ढिली होते आणि सुपारी गळते. वनस्पतीची पेशी निमूटपणे हार मानीत नाही. शत्रूची चाहूल लागताच ती भित्तिका जाड करते. प्रसंगी बाधित पेशी स्वतः मरून भोवतालच्या पेशींना वाचविते. फायटॉप्थोरा मात्र काही प्रथिने थेट पेशीच्या आत पोचवून ही संरक्षणव्यवस्थाच बंद पाडतो. २००९ साली बटाट्यावरील फायटॉप्थोराच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा अशा प्रथिनांची शेकडो जनुके त्यात आढळली.

आता औषधाकडे वळू. मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फ्रान्समधील मियार्दे यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. रस्त्याकडेच्या द्राक्षांवर चोरांना भिवविण्यासाठी शिंपडलेल्या मोरचुदाने केवडा रोग रोखला, ही गोष्ट त्यांच्या नजरेस आली होती. (चोरांचा बंदोबस्त झाला किंवा कसे, ते अलाहिदा.) मिश्रणातील तांबे फळाच्या सालीवर चिकटून राहते व ओलाव्यात त्याचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, थोडे थोडे सुटतात. चलबीजाणूने ते शोषले की त्याच्या पेशीतील विकरांच्या गंधकयुक्त भागांना ते जखडून टाकतात आणि पेशीचे व्यवहार थांबतात. भित्तिका नसलेला बीजाणू त्यांच्या तडाख्यात सहज सापडतो. परंतु हे तांबे सालीच्या आत जात नाही. एकदा कोंब आत शिरला की बाहेरचा निळा लेप त्याचे काही करू शकत नाही. म्हणूनच पहिली फवारणी पावसापूर्वी, मेच्या अखेरच्या आठवड्यात झालीच पाहिजे; दुसरी त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी उघडीप पाहून करावी.

दुकानातून मिळेल ते बुरशीनाशक आणून फवारण्याची चालही याच दृष्टीने पारखावी. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीच्या पेशीविभाजनात अडथळा आणते. फायटॉप्थोरावर त्याचा परिणाम होत नाही. ट्रायझोल गटातील औषधे बुरशीला लागणारे स्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. फायटॉप्थोरा मुळात ते स्वतः तयार करीतच नाही. ज्याच्याकडे ती वाटच नाही त्याची वाट अडविण्याचा हा प्रकार होय. मेटॅलॅक्झिल मात्र त्याच्या पेशीतील रायबोसोमी आर.एन.ए. तयार होण्यावर आघात करते व झाडात थोडेफार शोषलेही जाते. तेच औषध पुनःपुन्हा वापरल्यास जीव त्याला दाद देईनासा होतो. यास्तव ते कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणेच वापरावे.

एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात व १ किलो चांगला कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवावा. भांडी प्लॅस्टिकची, लाकडाची किंवा मातीची असावीत, लोखंडी नसावीत. चुन्याची निवळी गाळून घ्यावी व तीत मोरचुदाचे पाणी ढवळीत ओतावे. स्वच्छ कोयतीचे पाते मिश्रणात मिनिटभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढल्यास मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजून आणखी चुना घालावा, नाहीतर कोवळे भाग करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. घडाच्या सर्व बाजूंना, विशेषतः सुपारीच्या टोपीशी, फवारा पोचला पाहिजे. झाडावर चढणाऱ्या मजुराला हे आधी नीट दाखवून द्यावे.

रोग शेंड्यात उतरला तर फळांबरोबर झाडही जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील असंख्य पोफळी मोडून पाडल्या. नव्या रोपाला फळ धरावयास पाच-सहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. त्यातून वाचलेल्या उभ्या झाडाचा शेंडा कुजू देणे कोणत्याही वाडीला परवडणारे नाही. गळलेल्या सुपाऱ्या, घडावर सुकून चिकटलेली फळे व मेलेल्या झाडांचे शेंडे यांत हा जीव पुढच्या पावसापर्यंत टिकून राहतो. ही सर्व घाण पाटाच्या पाण्यात किंवा आळ्यात न टाकता वाडीबाहेर नेऊन जाळावी, आणि शेजारच्या वाडीतही हे काम त्याच आठवड्यात होईल अशी व्यवस्था ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावी.