जोडीदार परदेशी, व्हिसा पर्यटकाचा : समजून घेण्यासारखा एक धडा



आजचा विषय थोडा वेगळा आहे. "आपल्या आमगावात व्हिसाचं काय काम?" असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण आपल्या शाळांतून शिकलेली मुलं आता पुण्याला, हैदराबादला, बंगलोरला नोकरी करतात. तिथं ओळखी होतात, लग्नं जुळतात, आणि कधी कधी जावई किंवा सून दुसऱ्या देशाची असते. मग पहिला प्रश्न येतो तो व्हिसाचा. त्याबद्दल घरात नीट माहिती नसली की लोक ऐकीव गोष्टींवर चालतात आणि नुकसान करून घेतात. असंच एक नुकसान मी जवळून पाहिलं, म्हणून हा लेख.

प्रसंग असा घडला

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात नोकरी करते. तिचा नवरा जर्मन नागरिक. तोही पुण्यातच नोकरीला. दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली रीतसर नोंदणी करून लग्न केलं. सासऱ्यांचा सत्तरावा वाढदिवस होता, त्यासाठी तीन आठवडे जर्मनीला जायचं ठरलं.

अर्ज भरून देणाऱ्या एका एजंटने तिला सांगितलं, "नवरा तिकडचा आहे असं लिहू नका. तुम्ही तिथंच राहून जाल असा संशय येतो. अविवाहित लिहा, हॉटेलचं बुकिंग जोडा, साधी पर्यटक म्हणून जा." तिने ऐकलं. पण विमानाची तिकिटं दोघांची एकत्र काढलेली, पत्ता एकच. अर्ज नामंजूर झाला. पत्रात दोन कारणं होती : प्रवासाच्या उद्देशाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, आणि मुदत संपण्याआधी परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका आहे.

त्या संध्याकाळी तिचे वडील माझ्याकडे आले. धानाची शेती करणारा साधा माणूस. म्हणाले, "का जी गुरुजी, नवरा तिकडचाच असून बायकोले जाऊ देत नाई, हा कोणता कायदा? पोरगी रडून रायली." माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मग मी वाचायला बसलो. जे समजलं ते पुढे मांडतो.

आधी तीन शब्द समजून घेऊ

१) नागरिकत्व : आपण कोणत्या देशाचे, हे नातं.
२) पासपोर्ट : आपल्याच देशाने दिलेला प्रवासाचा आणि ओळखीचा दस्तऐवज. आपल्या गोंदिया जिल्ह्यासाठी प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे.
३) व्हिसा : दुसऱ्या देशाने ठराविक कामासाठी, ठराविक दिवसांसाठी दिलेली परवानगी.

मुलांना सांगताना मी असं सांगतो : पासपोर्ट म्हणजे तुझ्या शाळेचं ओळखपत्र, आणि व्हिसा म्हणजे दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दिलेली भेटीची चिठ्ठी. तुझा भाऊ त्या शाळेत शिकत असला तरी तू त्या शाळेचा विद्यार्थी होत नाहीस. चिठ्ठी लागतेच.

लग्नाचंही तसंच आहे. परदेशी माणसाशी लग्न केल्याने आपलं नागरिकत्व आपोआप बदलत नाही आणि त्याचंही बदलत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणून वडिलांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर : नवरा जर्मन असला तरी मुलगी भारतीय आहे, आणि तिला व्हिसा लागणारच.

भेटीला जाणं वेगळं, राहायला जाणं वेगळं

सगळा गोंधळ इथं होतो. भेटीचा व्हिसा आणि संसार करायला जाण्याचा व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जर्मनीसह युरोपातले २९ देश एकच भेटीचा व्हिसा देतात, त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. शेंगेन हे लक्झेंबर्ग देशातलं मोझेल नदीकाठचं एक छोटं गाव. १९८५ साली पाच देशांनी तिथं करार केला, म्हणून हे नाव पडलं. या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. जर्मन जोडीदाराबरोबर तिथं कायम राहायचं असेल तर कुटुंब-पुनर्मीलनाचा वेगळा, लांब मुदतीचा व्हिसा लागतो, आणि त्यासाठी सहसा जर्मन भाषेची प्राथमिक पातळीची परीक्षाही द्यावी लागते.

अमेरिकेचा नियम आणखी कडक आहे. तिथल्या कायद्यात असं धरूनच चालतात की भेटीचा व्हिसा मागणारा माणूस तिथं स्थायिक व्हायला येतो आहे. तसं नाही, हे अर्जदाराने दाखवायचं असतं. जोडीदार अमेरिकन असेल तर हा प्रश्न जास्त बारकाईने विचारला जातो. तिथं राहायलाच जायचं असेल तर भेटीच्या व्हिसाचा आडमार्ग धरू नये. जोडीदाराने तिकडे रीतसर अर्ज करून स्थलांतराचा व्हिसा घ्यावा.

म्हणजे अधिकाऱ्याच्या मनातला प्रश्न "नवरा परदेशी का?" हा नसतो. "ही व्यक्ती परत येणार का?" हा असतो. उत्तर या दुसऱ्या प्रश्नाचं द्यायचं असतं.

जोडीदार लपवू नका

या धड्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. शेंगेनच्या अर्जात वैवाहिक स्थिती विचारतात. युरोपीय नागरिक असलेल्या कुटुंबीयाचीही माहिती विचारतात. तिथं खोटं लिहिलं आणि ते उघडं पडलं की बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो. शिवाय अर्जाची आणि नकाराची नोंद त्यांच्या सामाईक संगणक प्रणालीत पाच वर्षांपर्यंत राहते. म्हणजे एका देशाला सांगितलेलं खोटं दुसऱ्या देशालाही दिसतं.

आमच्या मुलीच्या बाबतीत गंमत अशी की ज्या गोष्टीला ती घाबरली, तीच तिच्या बाजूची होती. नवरा जर्मन, पण त्याची नोकरी पुण्यात, राहण्याचा परवाना भारताचा, घर पुण्यात भाड्याने घेतलेलं. म्हणजे संसार इकडे! तो परत येणार आणि त्याच्याबरोबर तीही परत येणार, यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

दुसऱ्या वेळी काय केलं?

शेंगेनचा नकार लेखी आणि कारणासहित मिळतो. त्यावर दाद मागता येते, किंवा चुका दुरुस्त करून नवा अर्ज करता येतो. आधीची फी मात्र परत मिळत नाही. प्रौढांसाठी ती जून २०२४ पासून ९० युरो आहे. तिने नवा अर्ज केला. सोबत एक पानाचं साधं पत्र जोडलं. त्यात हे मुद्दे होते :

- मी कोण, नोकरी कुठे, रजा किती तारखेपासून किती तारखेपर्यंत मंजूर.
- नवरा जर्मन नागरिक, आमचं लग्न कधी आणि कुठे नोंदलं गेलं.
- जाण्याचं कारण : सासू-सासऱ्यांची भेट. मुक्काम त्यांच्याच घरी.
- मागच्या अर्जात वैवाहिक स्थिती चुकीची लिहिली होती. चूक माझी आहे, दुरुस्त माहिती देत आहे.
- परत कधी येणार आणि का येणार.

आणि कागद हे :

- परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा पासपोर्ट, त्यात दोन पानं कोरी.
- विवाह नोंदणी प्रमाणपत्र.
- नवऱ्याच्या पासपोर्टची आणि भारतातल्या राहण्याच्या परवान्याची प्रत.
- सासऱ्यांचं निमंत्रण पत्र.
- रजेचं पत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, घराचा भाडेकरार.
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण गर्दीच्या दिवसांत शेवटच्या पंधरवड्यावर विसंबू नये.

या वेळी व्हिसा मिळाला. वाढदिवस मात्र केव्हाच होऊन गेला होता. सासऱ्यांनी केकचा फोटो पाठवला होता, त्यात दोन खुर्च्या रिकाम्या ठेवलेल्या. ती मला म्हणाली, "सर, नियमाने नाही अडवलं मला. माझ्याच खोट्याने अडवलं." वेळेत परत आली, आणि तेही उपयोगी पडणार आहे. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी सोय आहे की तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नियमाप्रमाणे वापरले, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करण्याचा मिळू शकतो.

उलट बाजू : जावई आमगावला येतो तेव्हा

परदेशी जोडीदाराला भारतात यायलाही व्हिसा लागतो. नुसतं फिरायला, भेटायला यायचं तर पुष्कळ देशांच्या नागरिकांना ई-टुरिस्ट व्हिसा ऑनलाइन मिळतो. त्यावर नोकरी करता येत नाही. भारतीय व्यक्तीच्या पती किंवा पत्नीला जास्त काळ राहायचं तर एन्ट्री व्हिसाची सोय आहे. लग्न नोंदलेलं असेल आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं असेल, तर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. ते मिळालं की दर वेळी व्हिसा काढावा लागत नाही. पण ओसीआय म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे. मतदानाचा हक्क त्यात नाही.

एक गोष्ट गावात बहुतेकांना माहीत नसते. व्हिसावर आलेला परदेशी पाहुणा घरी मुक्कामाला आला, तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ठराविक फॉर्म भरून द्यायची असते. फक्त हॉटेलांनी नाही, घरी उतरवून घेणाऱ्यांनीही. हे ऑनलाइन होतं. जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम पोलीस अधीक्षकांकडे असतं. जावई येणार म्हणून मुलीच्या वडिलांना आनंद झाला, पण पोलिसांचं नाव निघताच ते घाबरले. मी म्हटलं, "भाऊ, ही तक्रार नाही, पाहुण्याची नोंद आहे." दोघांनी बसून फॉर्म भरला, अर्धा तास लागला. मग जावई बापू निवांत नागझिरा पाहून आले.

हे आजचंच नाही

वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे आपल्या विदर्भाचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत नावाजलेले कृषिशास्त्रज्ञ झाले. १९३६ साली त्यांनी तिथं जीन नावाच्या बेल्जियन स्त्रीशी लग्न केलं. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी भारतात यायला व्हिसा मागितला, तर इंग्रजांच्या काळातल्या जुन्या बंदीमुळे तो आधी नाकारला गेला! ज्या देशासाठी आयुष्य वेचलं त्याच देशाचं दार कागदाने अडवलं. पुढे बंदी उठली, ते नागपूरला येऊन राहिले आणि १९६७ साली तिथंच वारले. कागदाची ताकद मुलांना समजवायला मी हे उदाहरण देतो.

आमगावजवळचं पदमपूर ही भवभूतीची जन्मभूमी मानली जाते. त्याने 'उत्तररामचरित' नाटकात पती-पत्नीचा विरह मांडला. आजचा विरह कधी कधी एका चुकलेल्या रकान्यामुळे होतो, इतकंच.

यात शाळेचा वाटा काय?

मोठा वाटा आहे. आपल्याकडची रहांगडाले, चौरागडे अशी आडनावं घ्या. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये एक, आधारवर दुसरं, गुणपत्रिकेवर तिसरं इंग्रजी स्पेलिंग! जन्मतारखेतही एखादा आकडा इकडचा तिकडे. तेव्हा कुणाला काही वाटत नाही. वीस वर्षांनी पासपोर्टला, विवाह नोंदणीला, व्हिसाला तीच चूक आडवी येते. म्हणून शिक्षकांनी दाखला लिहिताना आणि पालकांनी तो घेताना एकेक अक्षर ताडून पाहावं. आणि मुलींनी हेही लक्षात ठेवावं की लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही.

वर्गासाठी छोटा स्वाध्याय

१) एक जण शेंगेन देशांत १ ते २१ एप्रिल आणि पुन्हा १ ते ३० जुलै राहिला. ३० जुलैला मागचे १८० दिवस मोजले तर किती दिवस वापरले? किती उरले? (येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरा. उत्तर : ५१ वापरले, ३९ उरले. अर्थात व्हिसावर लिहिलेले दिवस त्याहून कमी असतील तर तेच खरे.)
२) पासपोर्ट आणि व्हिसा यांतला फरक दोन वाक्यांत लिहा.
३) "मी परत येईन" हे शब्दांनी नाही, कागदांनी दाखवायचं असेल तर कोणते चार कागद जोडाल?

पालकांनो, मुलामुलींनी जोडीदार कुठलाही निवडो, एवढं मात्र त्यांना नक्की सांगा : अर्ज स्वतः वाचा, स्वतः भरा आणि खरं लिहा. फी आणि नियम बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्या.

ते वडील परवा बाजारात भेटले. म्हणाले, "गुरुजी, आता आमचाच पासपोर्ट काढा म्हणते पोरगी. याहीनं बोलावलं जी." मी म्हटलं, "काढा. पण आधी दाखल्यावरचं नाव तपासू."