प्रमोशनची वाट बघताना

इंटरव्ह्यू दे गं. हे आधी सांगून टाकते, बाकीचं मग बोलू.

सरांनी तुला शिकवलं, अडीनडीला घरून काम करू दिलं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तुला चोरी केल्यासारखं वाटतंय. पण इंटरव्ह्यूला जाणं म्हणजे नोकरी सोडणं नव्हे, आणि सरांच्या मनात असलं तरी प्रमोशन एकट्या सरांच्या हातात नसतं. हिंजवडीत कसं चालतं ते तू रोज बघतेस. मॅनेजर नाव पुढे करतो, मग सगळ्या टीमचे मॅनेजर बसून रेटिंगं नॉर्मलाइझ करतात, वरच्या लेव्हलला बजेट आहे की नाही ते आणखी कुणी ठरवतं. "या वेळी तुझं नक्की" हे सर मनापासूनच म्हणाले असतील. तो शब्द पाळता येईल का, हे त्यांनाही तेव्हा माहीत नसतं.

म्हणून आधी सरांकडे अर्धा तास माग. "माझं प्रमोशन होईल का?" असं विचारू नकोस, त्याला "बघू, प्रयत्न चालू आहेत" एवढंच उत्तर येतं. या सायकलला माझं नाव गेलंय का, त्या लेव्हलची जागा मंजूर आहे का, पत्र कोणत्या महिन्यात मिळेल, अडलं तर कशावरून अडेल, असं विचार. त्यांनी जे सांगितलं ते त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलमध्ये त्यांनाच लिहून पाठव. तिथे दुसऱ्या ऑफरचा विषय मात्र काढू नकोस. नसलेल्या ऑफरचा धाक तर मुळीच नको. खरी ऑफर हातात असली तरी ती दाखवायची कधी, तर "मग जा" म्हणाले तर खरंच जायची तयारी असेल तेव्हाच.

आता तारखांचं बोलू, कारण तुझं खरं गणित तिथे आहे. तुझी नोटीस ९० दिवसांची. मेमध्ये प्रमोशनचं पत्र आलं नाही म्हणून मग शोधायला लागलीस, तर नव्या ठिकाणी रुजू होईतो दिवाळी येईल. शिवाय ऑगस्टच्या सुरुवातीला तुला इथे पाच वर्षं पूर्ण होतात, म्हणजे तू ग्रॅच्युइटीला पात्र होतेस. मूळ पगार ६० हजार धरला, तर दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा मानून, पाच वर्षांचे साधारण १ लाख ७३ हजार होतात. मेअखेर राजीनामा टाकलास आणि पूर्ण नोटीस भरलीस, तर ऑगस्टचा शेवट येतो आणि हे पैसे तुझे. पण नव्या कंपनीला घाई असते. "आम्ही नोटीस बायआउट देतो, लगेच या" असं म्हणतात आणि आपण खूश होतो. जुलैत सुटलीस तर ग्रॅच्युइटी अडू शकते. तेव्हा बायआउटला हो म्हणण्याआधी ती रक्कम जॉइनिंग बोनसमध्ये माग. आणि तो बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत करावा लागतो का, तेही ऑफर लेटरमध्ये वाच.

पीएफची काळजी करू नकोस. यूएएन तोच राहतो, पैसे ट्रान्सफर कर, काढू नकोस.

आणखी एक, हे फक्त तुझ्याशी. तुम्ही दोघं बाळाचा विचार करताय असं तू म्हणाली होतीस. प्रसूतीची २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळायला, ज्या कंपनीकडे ती मागायची तिथे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. म्हणजे नोकरी बदलली म्हणून हा हक्क जात नाही. बाळ हवंय म्हणून प्रमोशनची आशा धरून आहे तिथेच बसायचं, असं मनात असेल तर ते काढून टाक. मला तुझ्यासाठी सगळ्यात जास्त भीती याच विचाराची वाटते, कारण तो समजूतदारपणासारखा दिसतो आणि त्यात वर्षं निघून जातात. इंटरव्ह्यूत कुणी लग्न-मुलांचं विचारलं, तर "माझ्या कामाच्या उपलब्धतेत अडचण नाही" एवढं म्हण आणि पुढे चल. त्यांच्यापुढे कबुलीजबाब द्यायला बसू नकोस.

पत्र आणि ऑफर दोन्ही एकदम आली तर आकड्याच्या आधी काम बघ. नवं पद मिळून टीम तीच, जबाबदारी तीच आणि वर फक्त दोन मीटिंगा जास्त असतील, तर मी तुला जा म्हणेन. इथे खरंच स्वतःचं मॉड्यूल मिळत असेल, तर दहा-पंधरा टक्क्यांसाठी हलू नकोस.

ऑफिसच्या लॅपटॉपवरून काही पाठवू नकोस. बायोडेटा आज रात्री मला व्हॉट्सॲप कर. मागच्या वेळी तू सगळीकडे "टीमला मदत केली" असं लिहिलं होतंस. रिलीजच्या आदल्या रात्री जागून ती बिघडलेली सिस्टीम तू एकटीने उभी केलीस. तिथे "मी केलं" असं लिही, मग मला पाठव.