मोजल्याशिवाय बोलू नये

डॉ. इरावती कर्वे यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. सातव्या वर्षी त्या शिक्षणासाठी पुण्यास आल्या आणि हुजूरपागा शाळेत शिकू लागल्या. पुढे महर्षी कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९२८ साली इरावतीबाई संशोधनासाठी जर्मनीतील बर्लिन शहरी गेल्या. त्यांचे प्राध्यापक ऑयगेन फिशर यांचे मत असे होते, की गोऱ्या लोकांची बुद्धी इतरांहून श्रेष्ठ असते व कवटीच्या आकारावरून ते सिद्ध करता येते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या काळजीपूर्वक मोजल्या. कवटीच्या आकाराचा आणि वंशाचा काहीच संबंध आढळला नाही. देश परका, प्राध्यापक नामवंत आणि पदवीही त्यांच्याच हाती! तरीही इरावतीबाईंनी जे आढळले तेच लिहिले. पुढे १९३३ पासून हिटलरच्या राजवटीत वंशश्रेष्ठतेच्या खोट्या कल्पनेपायी लाखो निरपराध माणसे मारली गेली. यावरून त्या सत्याचे मोल कळते.

मायदेशी परतल्यावर १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. त्या केवळ ग्रंथालयात बसल्या नाहीत. गावोगावी जाऊन त्यांनी लोकांची राहणी, नातीगोती व चालीरीती समजून घेतल्या. पश्चिम खानदेशातील भिल्ल समाजावर त्यांनी पुस्तक लिहिले. आपला अक्कलकुव्याचा भाग तेव्हा पश्चिम खानदेशातच होता. कोयना धरणामुळे घरदार सोडावे लागलेल्या लोकांचे पुढे काय झाले, याचीही त्यांनी पाहणी केली. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे आपल्याच तालुक्यातील मणिबेलीच्या लोकांना घरे सोडावी लागली. म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही.

इरावतीबाई उत्तम लेखिकाही होत्या. महाभारतातील व्यक्तींना त्यांनी माणसे म्हणून पाहिले व ‘युगान्त’ हे पुस्तक लिहिले. त्यास १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थ्यांनो, रंग, पोशाख किंवा बोली पाहून आपण एखाद्याला चटकन हलके ठरवतो. अशा वेळी इरावतीबाईंना आठवा. आधी पाहा, विचारा, मोजा, मगच बोला.

शब्दार्थ

संशोधन – शोध घेण्याचे काम, तहकीक
कवटी – डोक्याचे हाड, खोपडी
वंश – कुळ, नस्ल
निरपराध – गुन्हा नसलेला, बेकसूर
पाहणी – प्रत्यक्ष जाऊन घेतलेली माहिती

स्वाध्याय

१. इरावती हे नाव कशावरून ठेवले?
२. कवट्या मोजल्यावर इरावतीबाईंना काय आढळले?
३. ‘हा प्रश्न आपल्याला परका नाही’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : परका, खोटा, श्रेष्ठ.
५. आपल्या गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला भेटून गावाची जुनी माहिती विचारा व पाच वाक्ये लिहा.