विमानातील जीपीएस आणि रेडिओ : दोषाचा शोध

बीदरच्या हवाई दल तळावरील प्रशिक्षण विमाने आपल्या परिचयाची आहेत. त्यांच्या देखभालीस तंत्रज्ञ असतात. स्वतः बांधलेल्या विमानाची गोष्ट वेगळी. मुंबईत कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१७ साली त्याची नोंदणी झाली. अशा विमानातील दोष बहुधा बांधणाऱ्यालाच शोधावा लागतो.

समजा, रेडिओवर बोलू लागताच जीपीएसवरील स्थान नाहीसे होते. जीपीएसच बिघडला असे वाटते. पण थोडे गणित करावे. जीपीएस उपग्रहाचा संकेत १५७५.४२ मेगाहर्ट्झ कंप्रतेचा असतो. रेडिओतून मूळ लहरींबरोबर त्यांच्या पटीतील क्षीण लहरीही बाहेर पडतात. १२१.१७५ ची तेरापट १५७५.२७५ होते! वीस हजार किलोमीटरवरून आलेला उपग्रहाचा संकेत इतका दुर्बळ असतो, की शेजारची ही क्षीण लहरही त्याला झाकून टाकते.

परीक्षा जमिनीवर, मोकळ्या जागी, परवानगीने करावी. ठरावीक कंप्रतांवरच संकेत तुटत असेल, तर कारण हेच समजावे. दोन्ही अँटेना दूर बसवाव्यात. न भागल्यास रेडिओच्या अँटेना-तारेत योग्य फिल्टर जोडावा. प्रत्येक कंप्रतेवर तुटत असेल, तर वीजपुरवठा, अर्थिंग व तारांचे सांधे तपासावेत. एका वेळी एकच बदल करावा. नाहीतर कोणत्या उपायाने गुण आला ते कळणार नाही. ढगांत शिरल्यावर हा शोध घेण्यास सवड नसते.