कृषी अभियांत्रिकीची पदवी : निवड आणि पुढील मार्ग

बारावीचा निकाल लागला की विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे पुढील शिक्षणाचा प्रश्न उभा राहतो. नवी मुंबईच्या परिसरात या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. 1970 साली ठाणे, पनवेल व उरण भागातील 95 गावांच्या क्षेत्रात नवे शहर वसविण्याचे काम हाती घेण्यात आले आणि भातशेतीखालील व मिठागरांची पुष्कळ जमीन संपादित झाली. ‘आमची शेती तर गेली, आता मुलाने शेतीची पदवी कशासाठी घ्यावी?’ असे येथील आईवडील विचारतात. हा प्रश्न रास्त आहे व त्याचा विचार भावनेच्या आहारी न जाता करावयास हवा.

या शास्त्राचे स्वरूप

कृषी अभियांत्रिकी म्हणजे शेतीशास्त्र नव्हे, आणि केवळ यंत्रशास्त्रही नव्हे. पीक, माती व पाणी यांच्या गुणधर्मांचा अभ्यास करून त्यांना अनुरूप अशी यंत्रे, बांधकामे व प्रक्रिया यांची योजना करणे हे या शास्त्राचे काम होय. त्याच्या मुख्य शाखा पुढीलप्रमाणे आहेत : शेती अवजारे व शक्ती, मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा, शेतमालाची प्रक्रिया व साठवण, आणि शेतीसाठी ऊर्जा व इमारती. आपल्या देशात या विषयाचे पदवी शिक्षण प्रथम 1942 साली अलाहाबाद येथील कृषी संस्थेत सुरू झाले.

यांपैकी दोन शाखांचे काम नवी मुंबईतच प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

पहिले उदाहरण : वाशीचा बाजार

1996 साली मुंबईतील फळे व भाजीपाल्याचा घाऊक व्यापार वाशी येथे आला. तेथे पहाटे उतरणारा माल पाहिला असता नासाडीचे एक कारण सहज ध्यानी येते : शेतातील उष्णता मालाबरोबरच प्रवास करते. ही उष्णता किती, याचे गणित सोपे आहे. मानू या की, एक टन भाजीचे तापमान 30 अंश सेल्सियसवरून 10 अंशांवर आणावयाचे आहे. एक किलो भाजी एक अंशाने थंड करण्यासाठी सुमारे 4 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणजे एकूण 1000 × 4 × 20 = 80,000 किलोज्यूल झाले. हे काम चार तासांत उरकावयाचे तर जवळजवळ साडेपाच किलोवॅट शीतनशक्ती हवी. भिंतींतून येणारी आणि भाजीच्या श्वसनाने निर्माण होणारी उष्णता वेगळीच. केवळ थंड माल साठविण्यापुरती योजलेली खोली गरम माल वेळेत थंड करू शकत नाही. हा हिशेब चुकला तर शीतगृह उभे राहते, परंतु माल वाचत नाही.

आंब्याच्या निर्यातीचेही तसेच आहे. वाशी येथे महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने उष्णबाष्प प्रक्रियेची व विकिरणाची सुविधा उभारली आहे. जपानला पाठवावयाच्या आंब्याच्या गराचे तापमान 47.5 अंशांवर नेऊन ते 20 मिनिटे राखावे लागते. अमेरिकेसाठी किमान 400 ग्रे इतकी विकिरण मात्रा द्यावी लागते. तापमान कमी पडल्यास फळमाशीची अळी जिवंत राहते, अधिक झाल्यास फळ बिघडते. फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून भारतीय आंब्याची आयात थांबविली होती. ती बंदी 2015 साली उठली. त्या हंगामात बागाइतदाराचे भवितव्य एका लहान अळीवर अवलंबून होते, हे विसरता येणार नाही.

दुसरे उदाहरण : खारजमीन

पनवेल येथे कोकण कृषी विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्र आहे. क्षार सहन करणाऱ्या ‘पनवेल’ नावाच्या भातजाती तेथील होत. परंतु केवळ बियाण्याने खाजण पिकत नाही. भरतीचे पाणी अडविणारा बांध आणि ओहोटीच्या वेळी आतील पावसाचे पाणी बाहेर सोडणारी उघाडी, ही दोन्ही सुस्थितीत असावी लागतात. उघाडीची झडप भरतीला आपोआप मिटली पाहिजे. बांधाला खांड पडली की एका भरतीत शेत खारट होते, आणि ते पुन्हा गोडे होण्यास पावसाळे लागतात. पाण्याची पातळी, बांधाची उंची व निचऱ्याचा वेग यांचा मेळ घालणे हे अभियंत्याचे काम आहे.

प्रवेश व शिक्षण

बी.टेक. (कृषी अभियांत्रिकी) हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय घेऊन राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी. गणिताचा कंटाळा असणाऱ्याने या वाटेस जाऊ नये, त्यास बी.एस्सी. (कृषी) हा मार्ग अधिक मानवेल. राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चारही कृषी विद्यापीठांत हे शिक्षण मिळते. कोकणातील विद्यार्थ्यांस दापोली सोयीचे. खाजगी महाविद्यालय निवडताना कर्मशाळा, प्रयोगशाळा, ट्रॅक्टर व प्रक्षेत्र स्वतः जाऊन पाहावे, आणि शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांशी बोलावे.

पुढील मार्ग

केवळ सरकारी नोकरीवर नजर ठेवून ही पदवी घेऊ नये. शासकीय पदे थोडी असतात व भरती दरवर्षी होतेच असे नाही. कोणत्या पदास ही पदवी चालते, हे प्रत्येक जाहिरातीत काळजीपूर्वक वाचावे. नावात ‘अभियांत्रिकी’ असले तरी स्थापत्य पदवीधरांसाठी असलेले पद आपणांस खुले असेलच असे नाही. बँकांतील कृषी अधिकाऱ्याच्या पदांसाठी ही पदवी चालते. ‘गेट’ परीक्षेत या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असून, तिच्या बळावर खरगपूर येथील तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी उच्च शिक्षण घेता येते.

ट्रॅक्टर व अवजारांचे कारखाने, ठिबक सिंचनाचे उद्योग, शीतगृहे व प्रक्रिया केंद्रे येथेही कामाची संधी असते. मात्र पहिली काही वर्षे बहुधा जिल्ह्याच्या गावी, उन्हातान्हात, शेतकऱ्याच्या बांधावर काढावी लागतात. तशी तयारी नसल्यास निराशा पदरी येते. अनुभव व थोडे भांडवल असल्यास भाडेतत्त्वावरील अवजारे बँक, दुरुस्ती केंद्र किंवा लहान प्रक्रिया उद्योग स्वतः चालविता येतो.

निर्णयापूर्वी

विद्यार्थ्याने पालकांसह एक पहाट वाशीच्या बाजारात आणि एक दिवस पनवेल किंवा उरणकडील खारबांधावर घालवावा. तेथील नासाडी अथवा फुटलेला बांध पाहून ‘हे कसे दुरुस्त करता येईल?’ असा विचार ज्याच्या मनात येतो, त्याने ही पदवी अवश्य घ्यावी. घरची जमीन राहिली नसली तरी तिच्या मशागतीत मिळालेले पाण्यामातीचे ज्ञान वाया गेलेले नाही. शास्त्राची जोड मिळाल्यास ते इतरांची शेती राखण्याच्या कामी येईल, आणि त्यावर आपले घरही उभे राहील.