सिडनीच्या रानात, जाळे धरून बसलेल्या कोळ्याकडे

कोकणात खाडीवर पाग टाकणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला हा कोळी फार समजावून सांगावा लागत नाही. टपाल तिकिटाएवढे जाळे पुढच्या चार पायांत धरून तो उलटा लटकतो. भक्ष्य खालून चालले, की जाळे ताणून झपकन त्याच्यावर टाकतो. फरक एवढाच, की पाग हातातून सुटतो, याचे जाळे पायांतच राहते. धाग्यांना गोंद नसतो. ते लोकरीसारखे पिंजलेले असतात आणि किड्याचे पाय त्यांतच गुंततात.

लेकीकडे किंवा मुलाकडे सिडनी-ब्रिस्बेनला गेलात, तर एक रात्र याच्यासाठी राखून ठेवा. तिथे भेटतो तो एशियानॉपिस सबरूफा. जुन्या पुस्तकांत तो डायनॉपिस म्हणून सापडेल. एशियानॉपिस ही प्रजाती 2020 साली वेगळी केली गेली. आसामातल्या गोलपाड्याचे नाव मिरवणारा याचा एक भाऊबंदही तिच्यातच आहे.

डिसेंबर ते मार्चमधली उबदार, वारा पडलेली रात्र निवडा. तेव्हा सिडनीत सूर्य आठच्या सुमारास मावळतो, म्हणून नऊनंतर निघा. उद्यानांची फाटके संध्याकाळी बंद होतात; गाडी आत अडकणार नाही ना, ते आधी बघा. बूट बंद, पँट मोज्यांत खोचलेली, कारण गवतात गोचिडी असतात. दगडाखाली, बिळात, पाचोळ्यात हात अजिबात घालू नका. जाळेवाला कोळी निरुपद्रवी आहे, पण त्याच रानात राहणारा फनेल-वेब कोळी खरोखर जीवघेणा ठरू शकतो. तो चावल्यास चावलेल्या हातापायावर घट्ट पट्टी बांधा, हालचाल थांबवा आणि 000 ला फोन करा.

आता शोधायचे कसे? बॅटरी मारली की जमिनीवरच्या लांडगा-कोळ्यांचे डोळे हिऱ्यांसारखे चमकतात. ती खूण इथे चालत नाही. याचे दोन डोळे राक्षसासारखे मोठे असले, तरी त्यांच्यामागे उजेड परतवणारा पडदा नाही. म्हणून डोळे नव्हे, जाळे शोधा. घोट्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवर, झुडपांच्या फटींत, निळसर पांढरा इवला चौकोन दिसतो का ते बघा. खालच्या पानावर पांढरे ठिपके असतील तर थांबाच: आपल्याच विष्ठेचे ते ठिपके टाकून तो नेम धरतो. दिवसा मात्र अडीच सेंटिमीटरचा हा जीव वाळक्या काटकीला चिकटून काटकीच होतो. माझ्या मते, दिवसा त्याच्या वाटेला जाऊच नये.

सापडला की बॅटरी मंद करा, लाल असेल तर उत्तम. या डोळ्यांतला प्रकाश टिपणारा थर रोज पहाटे मोडतो आणि संध्याकाळी नव्याने उभा राहतो, इतका तो अंधारासाठी घडलेला आहे. अशा डोळ्यांवर फ्लॅशचा मारा करणे मला क्रूरपणा वाटतो. बोलणेही हळू ठेवा. फ्लोरिडातल्या त्याच्या नातेवाइकावर झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की तो पायांनी ऐकतो, तेही दोन मीटरवरून. मागून उडत येणारा किडा तो असाच, न बघता, उलटी झेप घेऊन पकडतो.

पंधरा मिनिटे तरी एका जागी उभे राहा. एखादी मुंगी किंवा झुरळ त्या ठिपक्यांकडे सरकताना दिसले, तर श्वास रोखा. पापणी लवली तर हुकेल.