चाकांवरील घर : बांधणी आणि वाहतूक

बागेच्या राखणीस रानात राहणे भाग आहे, परंतु पक्के घर बांधावे तर पुढील साली राखण कोणत्या तुकड्यात करावी लागेल याचा नेम नाही, ही अडचण पुष्कळ बागाईतदारांस ठाऊक आहे. इंग्लंडातील मेंढपाळांपुढेही अशीच अडचण होती. एकोणिसाव्या शतकात ते ओतीव लोखंडाच्या चार चाकांवर लाकडी खोपट बसवीत, त्यास बाहेरून पन्हाळी पत्रा मारीत, आणि मेंढ्या विण्याच्या हंगामात घोड्यांकरवी ते माळावर ओढून नेत. आत एका कोपऱ्यात शेगडी, निजावयास फळ्यांचा बाक व बाकाखाली पोरक्या कोकरांसाठी पिंजरा असे. खिडक्या अशा ठेवीत की आतूनच कळपावर नजर राहावी.

अमेरिकेत या कल्पनेस निराळ्या कारणाने चालना मिळाली. तेथील पुष्कळ गावी घराचे किमान क्षेत्रफळ नियमाने ठरलेले असल्यामुळे त्याहून लहान घर बांधता येत नसे. जे शेफर नामक गृहस्थाने 1999 साली सुमारे 100 चौरस फुटांचे घर चाकांच्या सांगाड्यावर बांधले. मग ते घर न राहता वाहन ठरले! आपल्याकडे मात्र चाके लावल्याने कागदपत्रांतून सुटका होते, असे समजू नये. वाहनाची नोंदणी परिवहन कार्यालयात व जागेच्या वापराचा प्रश्न तहसील कचेरीत, अशा दोन ठिकाणी आधीच विचारणा करावी आणि उत्तर लेखी घ्यावे. मी आयुष्याची उमेदीची वर्षे महसुली दप्तरात घालविली आहेत. तोंडी परवानगी अंमलदाराच्या बदलीबरोबर निघून जाते.

आता बांधणीकडे वळू. खोलीचा नकाशा काढण्यापूर्वी रस्त्याचे माप घ्यावे. अमेरिकेत अशा घराची रुंदी सामान्यतः साडेआठ फूट व जमिनीपासून उंची साडेतेरा फूट, याच्या आत ठेवतात. त्यापुढे निराळा परवाना लागतो. आपल्या शेतवाटेवर सर्वांत खाली लोंबणारी वीजतार, चारीवरील पुलाची रुंदी व वळणावरील बाभळ ही मापे याहूनही महत्त्वाची आहेत. वीजतारेखालून घर जेमतेम जाईल अशी स्थिती असेल, तर तो रस्ताच सोडावा.

खरा धोका वजनाच्या वाटणीत आहे. बैलगाडी उलाळ भरली म्हणजे जू वर उचलले जाऊन जोती बैलांच्या गळ्यास आवळतात, आणि धुरजड भरली म्हणजे मानेवर ओझे पडते, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. तोच न्याय येथे आहे, फरक एवढाच की मोटारीच्या वेगात उलाळ घर प्रथम शेपटासारखे हेलकावे खाते व मग ओढणाऱ्या वाहनासह उलटते. ट्रॅक्टरचा वेग कमी असला तरी दांडीवरील दाब नाहीसा झाला की त्याच्या मागील चाकांची पकड सुटते. उलट भार फार पुढे आला तर त्याची पुढील चाके हलकी होऊन वळविणे कठीण पडते. म्हणून अमेरिकेत एकंदर वजनाच्या 10 ते 15 टक्के भार दांडीवर यावा, असा ठोकताळा पाळतात.

हे उदाहरणाने पाहू. समजा, घराचे एकंदर वजन 4,000 किलो भरले. मग ट्रॅक्टर सोडून, घर सपाट ठेवून, केवळ दांडीचा पाय काट्यावर टेकविला असता 480 किलो आले. हे प्रमाण 12 टक्के, म्हणजे ठीक. आता आसाच्या मागे 2 मीटरवर 500 लिटरची टाकी बसवून ती भरली. दांडीचे टोक आसापासून 4 मीटर पुढे असेल, तर दांडीवरील भार 500 गुणिले 2 भागिले 4, म्हणजे 250 किलोंनी घटेल. उरले 230 किलो, आणि एकंदर वजन झाले 4,500. प्रमाण जेमतेम 5 टक्के. घरात दुसरी कोणतीही वस्तू न हलविता, केवळ पाण्याने घर उलाळ झाले! यास्तव टाकी आसाच्या जवळपास बसवावी आणि प्रवासात रिकामी ठेवावी. धान्याची पोतीही मागील भिंतीस रचू नयेत.

भिंतीचा चौकटा सांगाड्यास बोल्टांनी आवळावा व फळ्या स्क्रूने जोडाव्यात, कारण खडबडीत वाटेवर खिळे हळूहळू सैल होतात. छपराच्या पत्र्याची पुढील कड बंद करावी, नाहीतर वारा आत शिरून पत्रा उचलतो. आत शेगडी पेटविणार असाल तर धुराडे व वाऱ्याची झरोकी दोन्ही हवीत. थॉमस हार्डी याच्या 1874 सालच्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ या कादंबरीतील मेंढपाळ अशाच खोपटात झरोके बंद ठेवून निजतो व गुदमरून मरता मरता वाचतो. कोळशाच्या विषारी वायूस वास नसतो.

मुक्कामी घर टायरांवर उभे ठेवू नये. सांगाड्याच्या चारही कोपऱ्यांखाली टेकू द्यावेत, वादळासाठी साखळदंडाने जमिनीत पुरलेल्या नांगरांस बांधावे, व टायर उन्हापासून झाकावेत. हलविण्याच्या आदल्या दिवशी दांडीवरील भार काट्यावर पुन्हा पाहावा, कारण हंगामभरात घरात सामान वाढलेले असते.